दरवाजा आणि बरगड्या यांच्यातलं वीतभर अंतर

उजव्या हाताचा तळवा डाव्या काखेखाली, बरगड्यांवर सपाट ठेवा आणि खोल श्वास घ्या. छाती नुसती पुढे फुगत नाही. तळव्याखालच्या बरगड्या बाहेर आणि किंचित वर सरकताना जाणवतील. आडवी पडलेली बादलीची कडी उचलावी, तशीच ही हालचाल. वरच्या सात जोड्या मागे मणक्यांना आणि पुढे कूर्चेच्या मऊ तुकड्याने छातीच्या मधल्या हाडाला जोडलेल्या असतात. त्याखालच्या तीन जोड्या वरच्या कूर्चेचाच आधार घेतात, आणि शेवटच्या दोन जोड्यांची पुढची टोकं मोकळीच असतात. हा पिंजरा दिवसाला वीस हजारांच्या आसपास वेळा उघडतो आणि मिटतो. तो लवचिक आहे म्हणूनच आपण जगतो.

आता त्याच तळव्याच्या जागी गाडीचा दरवाजा आहे असं समजा. चौकात आडव्या रस्त्याने आलेली दुसरी गाडी त्या दरवाजावर धडकली आहे आणि दरवाजाचा आतला भाग सेकंदाला सात ते दहा मीटर वेगाने तुमच्याकडे येतो आहे. छाती हा धक्का किती सोसेल? कुठवर लवेल आणि कुठे मोडेल? हे गाडी बनवणाऱ्याला आधीच कसं कळणार? या प्रश्नांची धड उत्तरं मिळायला कित्येक दशकं गेली, आणि ती शोधताना छातीविषयीची एक समजूत मुळापासून बदलावी लागली.

समोरून धडक बसते तेव्हा माणूस आणि टक्कर यांच्यामध्ये बरंच काही असतं. बंपर, बोनट, पुढची चॅसी, इंजिनाभोवतालची जागा. अर्धा मीटर किंवा त्याहून जास्त धातू चुरगळतो आणि त्या चुरगळण्यात गाडीचा वेग खर्च होतो. तोवर सीटबेल्ट ताणून धरतो, एअरबॅग फुगते. बाजूने धडक बसते तेव्हा मध्ये असतो फक्त दरवाजा. बाहेरचा पत्रा, आत काच खाली-वर करणारी यंत्रणा, एखादी आडवी मजबूत पट्टी, प्लॅस्टिकचं अस्तर. पत्र्यापासून शरीरापर्यंतचं सगळं अंतर मोजलं तर वीत, फार तर सव्वा वीत.

बाजूच्या धडकेबद्दल बहुतेकांच्या मनात एक चुकीचं चित्र असतं. माणूस आपटून दरवाजावर जातो, असं आपल्याला वाटतं. खरं तर माणूस पहिले काही क्षण जागचा हलतसुद्धा नाही. तो सीटवर आहे तिथेच असतो, गाडी त्याच्याखालून बाजूला ढकलली जात असते, आणि दरवाजा त्याच्याकडे येत असतो. सारख्या वजनाच्या दोन गाड्या घ्या. एक थांबलेली, दुसरी ताशी ५० किलोमीटर वेगाने तिच्या कुशीत शिरली. दोघी चिकटून पुढे सरकल्या तर शेवटी दोघींचा वेग ताशी २५ किलोमीटरच्या आसपास येईल. म्हणजे गाडीला बसलेला धक्का २५चा. पण धडकणाऱ्या गाडीच्या नाकाशी जो दरवाजा आहे तो तेवढ्यावर थांबत नाही. पत्रा दुमडत असताना त्याचा आतला भाग काही क्षण अख्ख्या गाडीपेक्षा बऱ्याच जास्त वेगाने आत घुसतो. छातीला भेटतो तो दरवाजाचा वेग, गाडीचा नव्हे. ही एक गोष्ट ध्यानात आली की पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं.

हे सगळं किती लवकर घडतं तेही पाहा. बंपर दरवाजाला टेकला तो क्षण शून्य धरू. पाच-सहा मिलिसेकंदांत सेन्सरला निर्णय घ्यावा लागतो. पंधरा मिलिसेकंदांच्या आसपास बाजूची एअरबॅग जागेवर असली पाहिजे. विसाच्या सुमारास दरवाजा शरीराला भिडतो. तीस ते पन्नास या दरम्यान छाती सगळ्यात जास्त दबलेली असते. शंभरपर्यंत बहुतेक सगळं संपलेलं असतं. डोळ्याची एक पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो.

एवढ्या वेळात शरीराचं काय होतं? बरगड्या आत वाकतात आणि मर्यादेपलीकडे गेल्या की मोडतात. एखादी बरगडी मोडली तर दुखतं, पण माणूस बरा होतो. लगतच्या तीन किंवा अधिक बरगड्या प्रत्येकी दोन ठिकाणी मोडल्या तर छातीच्या भिंतीचा तो तुकडा सुटा होतो. श्वास घेताना बाकीची छाती फुगते आणि हा तुकडा आत ओढला जातो. मोडलेलं टोक फुप्फुसाच्या आवरणात घुसलं तर तिथे हवा किंवा रक्त साठतं. बरगड्या शाबूत राहूनही फुप्फुसाला आतून मार बसू शकतो. खालच्या बरगड्यांच्या आडोशाला उजवीकडे यकृत आणि डावीकडे प्लीहा असते, त्यामुळे धडक कोणत्या कुशीवर बसली यावर आतलं नुकसान ठरतं. सगळ्यात घातक म्हणजे महाधमनीची फाट. हृदयातून निघालेली ही नळी कमान करून मणक्यांच्या बाजूने खाली उतरते. डाव्या हाताकडे जाणारी शाखा तिच्यातून निघते त्याच्या जरा पुढे ती बांधल्यासारखी पक्की होते. त्याच्या अलीकडचा भाग हृदयाबरोबर हलतो आणि पलीकडचा मणक्यांना धरून राहतो. नळी बहुतेक वेळा नेमकी तिथेच फाटते.

जखमेला मोजपट्टी हवी म्हणून १९७१ साली एक श्रेणी प्रसिद्ध झाली. तिच्यात १ म्हणजे किरकोळ, ३ म्हणजे गंभीर आणि ६ म्हणजे आजच्या उपचारांपलीकडची जखम. छातीच्या बाबतीत अभियंते बहुधा एकच प्रश्न विचारतात: या धक्क्याने तिसऱ्या श्रेणीची किंवा त्याहून मोठी जखम होण्याची शक्यता किती?

आता अवघड भाग. हे मोजायचं कुणावर?

स्वयंसेवकांवर थोडंफार मोजता येतं. अमेरिकी हवाई दलाचे डॉक्टर जॉन पॉल स्टॅप १० डिसेंबर १९५४ रोजी रॉकेटच्या घसरगाडीत बसले. ताशी हजार किलोमीटरच्या वर गेले आणि दीड सेकंदाच्या आत थांबले. त्यांच्या शरीराने ४६.२ जी एवढा धक्का सोसला. जी म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाने मिळणारं त्वरण, ४६.२ जी म्हणजे त्याच्या सेहेचाळीस पट. पण स्टॅप पट्ट्यांनी घट्ट बांधलेले होते आणि धक्का समोरून होता. शिवाय स्वयंसेवकाच्या चाचणीला मुळातच एक कुंपण आहे: इजा सुरू होते तिथे चाचणी थांबलीच पाहिजे. आपल्याला मात्र त्या कुंपणापलीकडचंच जाणून घ्यायचं असतं.

म्हणून हे ज्ञान आलं ते देहदानातून. डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात १९३९पासून, जर्मनीत हायडेलबर्गला, फ्रान्समध्ये आणि पुढे अमेरिकेतल्या आणखी काही प्रयोगशाळांमध्ये, मृत्यूनंतर आपला देह संशोधनाला देणाऱ्या माणसांमुळे. हा विषय पुष्कळांना नकोसा वाटतो आणि मी ते समजू शकतो. पण त्याला वळसा घालून छातीविषयी खरं बोलता येत नाही. वेन स्टेटचे ॲल्बर्ट किंग यांनी सहकाऱ्यांबरोबर १९९५ साली एक हिशोब मांडला होता. या संशोधनामुळे गाड्यांमध्ये ज्या सुधारणा झाल्या, त्यांनी १९८७पासून दर वर्षी साधारण ८,५०० जीव वाचवले, असा त्यांचा अंदाज होता.

अशा चाचणीत नेमकं काय होतं ते जवळून पाहू.

सगळ्यात साधी पद्धत लोलकाची. एक धातूचा दंडगोल, वजन २३.४ किलो, पुढचं तोंड सपाट गोल, १५ सेंटिमीटर व्यासाचं. हे वजन उगाच ठरलेलं नाही. छातीवर धक्का बसतो तेव्हा त्यात गुंतलेलं वस्तुमान साधारण किती, याचा विचार करून ते आलं आणि नंतर सगळ्यांनी तेच वापरलं, म्हणजे एका प्रयोगशाळेतलं मोजमाप दुसरीतल्याशी ताडून पाहता येतं. देह बसवलेल्या स्थितीत आधाराने धरतात आणि धक्क्याच्या क्षणी तो आधार सोडतात. चेहरा झाकलेला असतो. श्वासनलिकेतून फुप्फुसांत हवा भरलेली असते आणि रक्तवाहिन्यांमध्ये द्रव भरून जिवंतपणी असतो तितका दाब आणलेला असतो, कारण रिकामं फुप्फुस आणि ढिली धमनी वेगळ्या वागतात. बरगड्यांवर आणि मणक्यांवर त्वरण मोजणारे बटणाएवढे सेन्सर घट्ट बसवतात. मग दंडगोल ठरलेल्या वेगाने कुशीवर येतो. नंतर एक्स-रे आणि शवविच्छेदन करून प्रत्येक मोडलेली बरगडी, तिची जागा आणि मोडण्याची तऱ्हा नोंदवतात. जनरल मोटर्सचे डेव्हिड व्हियानो यांनी १९८९ साली १४ देहांवरच्या अशा ४४ धक्क्यांची मोजमापं प्रसिद्ध केली. वेग सेकंदाला साडेचार ते साडेनऊ मीटरच्या दरम्यान होते. त्यांच्या आलेखांचा उल्लेख आजही होतो.

दुसरी पद्धत गाडीतल्या परिस्थितीच्या जास्त जवळ जाते. हायडेलबर्गमध्ये ती घडली म्हणून तिला तिथलंच नाव मिळालं. रुळांवरच्या घसरगाडीवर एक गुळगुळीत बाक आडवा बसवलेला असतो आणि बाकाच्या एका टोकाला भिंत. गाडीला वेग देऊन अचानक थांबवतात, बाकावरचा देह मात्र त्याच वेगाने बाजूला घसरत जातो आणि भिंतीवर पोचतो. वेग ताशी २४ किंवा ३२ किलोमीटर. भिंत एकसंध नसते. खांदा-छाती, पोट आणि कंबर यांच्यासमोर वेगवेगळ्या पाट्या असतात आणि प्रत्येकीमागे बल मोजणारा सेन्सर. भिंत कधी नुसती कडक, कधी तिला गादी, कधी कंबरेसमोरची पाटी चार बोटं पुढे काढलेली. कंबरेला आधी धक्का बसला तर छातीचं काय होतं, हे त्यातून कळतं.

छाती आतून कशी दबते हे मात्र बराच काळ अंदाजानेच सांगितलं जायचं. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्यातले रॉल्फ एपिंजर यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी त्यावर एक सुंदर उपाय काढला. पातळ धातूची लवचिक पट्टी, तिच्यावर ओळीने ताण मोजणारे सेन्सर, आणि ती पट्टी छातीभोवती पट्ट्यासारखी गुंडाळायची. धक्का बसला की पट्टी छातीबरोबर वाकते. कुठे किती वाकली हे क्षणाक्षणाला नोंदलं जातं आणि त्यावरून छातीच्या आडव्या छेदाची आकृती काढता येते. मिलिसेकंदामागून मिलिसेकंद लंबगोलाची एक कड सपाट होत जाताना दिसते. मला स्वतःला या सगळ्या साधनांमध्ये हे सगळ्यात जास्त आवडतं, कारण ते एकच आकडा न देता आकार दाखवतं.

आणि आता ती बदलावी लागलेली समजूत.

छाती म्हणजे स्प्रिंग, असं आपण मनात धरून चालतो. जितकी दाबाल तितकं उलट बल. पण लोलकाच्या चाचणीचा आलेख तसा येत नाही. छाती जेमतेम दबायला लागलेली असते आणि बल एकदम उसळी मारून वर जातं, मग पठारासारखं टिकतं आणि परतताना वेगळ्याच, बऱ्याच खालच्या वाटेने उतरतं. वेग वाढवला की तीच छाती जास्त कडक होते. याचं कारण तिच्यात नुसती हाडं नाहीत. हवा, रक्त आणि पाण्याने भरलेल्या ऊती आहेत, आणि त्यांना जागा बदलायला वेळ लागतो. पाण्यात हात हळूच घातला तर काहीच लागत नाही. तोच तळवा जोराने आपटला तर पाणी फळीसारखं लागतं. छाती या दोन्हींच्या मधली आहे: थोडी स्प्रिंग, थोडं पाणी. लोबडेल आणि सहकाऱ्यांनी १९७३ साली वजनं, स्प्रिंगा आणि धक्काशोषक जोडून छातीचं एक साधं गणिती रूप तयार केलं, त्यात हे दोन्ही भाग होते.

म्हणून छाती किती आत गेली एवढं विचारून भागत नाही. किती वेगाने आत गेली हेही विचारावं लागतं. व्हियानो आणि इयान लाऊ यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यावर दोन्हींचा गुणाकार करायचं सुचवलं. प्रत्येक क्षणी छाती दबण्याचा वेग घ्या, छातीच्या रुंदीच्या मानाने ती किती दबली आहे ते घ्या, दोघांना गुणा आणि सगळ्या क्षणांमधला सर्वांत मोठा गुणाकार पाहा. तो सेकंदाला १ मीटरच्या वर जाऊ नये.

उदाहरण करून पाहू. डमी म्हणजे चाचणीत माणसाच्या जागी बसवायचा, सेन्सर लावलेला पुतळा. युरोपीय डमीसाठी छातीची अर्धी रुंदी १४० मिलिमीटर धरतात आणि दबणं तिच्याच मानाने मोजतात. बरगडी २८ मिलिमीटर आत गेली आहे, म्हणजे दबण्याचं प्रमाण ०.२. त्या क्षणी ती अजून सेकंदाला ६ मीटर वेगाने आत जाते आहे. गुणाकार १.२, म्हणजे मर्यादा ओलांडली. आता दुसरी गाडी. बरगडी तेवढीच, २८ मिलिमीटर आत, पण त्या क्षणी वेग सेकंदाला २ मीटर. गुणाकार ०.४. दोन्ही गाड्यांत बरगडी शेवटी ४० मिलिमीटरवर थांबली असेल. नुसती खोली मोजणाऱ्याला दोन्ही गाड्या सारख्याच वाटतील. आतल्या मऊ अवयवांना मात्र त्या सारख्या नाहीत.

अमेरिकेने सुरुवातीला वेगळा रस्ता धरला होता. तिथे बरगडीचं आणि बाराव्या पाठमणक्याचं सर्वोच्च त्वरण घेऊन त्यांची सरासरी काढत. देहांवरच्या चाचण्यांतून आलेल्या मूळ सूत्रात वयही होतं: वयाला १.४ने गुणायचं आणि त्यात वजनाच्या प्रमाणात बदललेली ही सरासरी मिळवायची. वय सूत्रात आलं याचं कारण देहदान करणारे बहुतेक वृद्ध असतात. वयाबरोबर बरगडीचं टणक कवच पातळ होतं, कूर्चा कडक होते आणि तोच धक्का जास्त बरगड्या मोडतो. डमीला वय नसतं, म्हणून नियमात फक्त सरासरी उरली: चार दारांच्या गाडीला ८५ जी, दोन दारांच्या गाडीला ९० जी. हा नियम १९९० साली ठरला आणि १९९३पासून टप्प्याटप्प्याने लागू झाला. युरोपने १९९८ साली लागू केलेल्या नियमात मात्र बरगडी ४२ मिलिमीटरपेक्षा जास्त दबू नये आणि वरचा गुणाकार १च्या आत राहावा, अशा अटी घातल्या.

हा वाद फक्त पुस्तकी वाटेल, पण तसा तो नाही. तुम्ही जे मोजता, त्याप्रमाणे गाडी घडते. दरवाजात जाड गादी भरली तर त्वरणाचं टोक खाली येतं, अमेरिकी आकडा सुधारतो. पण गादी जरा जास्तच टणक असेल तर ती बरगड्यांना जास्त वेळ ढकलत राहते आणि छाती उलट जास्त दबू शकते. एका मोजपट्टीवर सुरक्षित ठरलेला दरवाजा दुसरीवर नापास होऊ शकतो. २००७ साली अमेरिकेने आपल्या नियमात गाडीची कूस खांबावर आदळवण्याची चाचणी आणली, तेव्हा मध्यम पुरुषाच्या डमीसाठी बरगडीची मर्यादा ४४ मिलिमीटर ठरवली. त्वरणाकडून दबण्याकडे आलेलं ते महत्त्वाचं पाऊल होतं, आणि माझ्या मते ते योग्यच होतं. बरगडी वाकल्याने मोडते. तिला किती जी बसले हा त्यामागचा दूरचा नातेवाईक.

देहांवरच्या चाचण्यांतून आलेल्या आलेखांचा एक पट्टा काढतात. माणसं वेगवेगळ्या बांध्याची असतात, म्हणून आधी सगळी मोजमापं एका ठरावीक वजनाच्या माणसाच्या मापाला आणतात, मग सरासरी आणि तिच्या दोन्ही बाजूंना थोडी जागा. डमीवर हीच चाचणी केली तर तिचा आलेख त्या पट्ट्यातून गेला पाहिजे. गेला, तर ती डमी माणसासारखी वागते असं म्हणायचं.

पहिल्या डमी त्यात फारशा पास होत नव्हत्या. अमेरिकेची बाजूच्या धडकेची पहिली डमी १९७० च्या दशकाच्या अखेरीस तयार झाली. तिला वेगळे हातच नव्हते, हातांचं वजन छातीत मिसळलं होतं. बाजूच्या धडकेत खांदा आणि हात छातीच्या आधी येतात आणि बल कुठे जाईल ते बदलतात, हे लक्षात घेतलं तर ही उणीव लहान नव्हती. युरोपच्या डमीला तीन सुट्या बरगड्या होत्या, प्रत्येकीला स्प्रिंग आणि धक्काशोषक. तिच्यात वेगळाच दोष निघाला. धक्का अगदी काटकोनात न येता तिरका आला की बरगडी आपल्या सरकपट्टीत अडकायची. आलेख चढत चढत जायचा आणि मग माथा सपाट व्हायचा. आकडा कमी दिसायचा, गाडी चांगली वाटायची. खरं तर गाडीने काही केलेलं नसायचं, डमीची बरगडी अडकलेली असायची. आलेखाचा तो सपाट माथा ओळखायला डोळा तयार व्हावा लागतो, आणि ज्यांनी तो ओळखला त्यांचे कष्ट कुठल्याही जाहिरातीत दिसत नाहीत. पुढच्या आवृत्तीत ही सरकपट्टी सुधारली गेली.

दोन खंड, दोन डमी, दोन मोजपट्ट्या, हे कुठवर चालणार? १९९७ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर एकच डमी घडवायचं काम सुरू झालं. तिचं नाव वर्ल्डसिड. तिला सहा बरगड्या आहेत: एक खांद्याची, तीन छातीच्या, दोन पोटाच्या. त्या निकेल आणि टायटॅनियमच्या अशा मिश्रधातूच्या आहेत, की बऱ्याच वाकवल्या तरी मूळ आकारात परत येतात. दोनशेहून अधिक मोजमापं घेण्याची सोय तिच्यात आहे. डमी माणसासारखी किती वागते याची १० गुणांची एक आंतरराष्ट्रीय श्रेणी आहे, तिच्यात वर्ल्डसिड ‘चांगली’ या गटात बसते. आधीच्या डमी तिच्या बऱ्याच खाली होत्या. नव्या गाड्यांची धडक-चाचणी घेऊन त्यांना सुरक्षेचे गुण देणाऱ्या युरो एनकॅप या युरोपीय संस्थेने २०१५पासून ती वापरायला घेतली.

गाडीवर प्रत्यक्ष जी धडक देतात तीही काळाबरोबर बदलत गेली. मऊ नाकाची एक ढकलगाडी गाडीच्या कुशीवर आणून आदळतात. युरोपच्या मूळ नियमात ती ९५० किलोची, ताशी ५० किलोमीटर, काटकोनात. अमेरिकेत १,३६८ किलोची, ताशी ५४ किलोमीटर, आणि तिची चाकं २७ अंशांत वळवलेली, कारण खऱ्या चौकात ज्या गाडीला धडक बसते ती बहुतेकदा स्वतःही चालत असते. रस्त्यावरच्या गाड्या उंच आणि जड होत गेल्या तशी ढकलगाडीही जड झाली. युरो एनकॅपची २०२०पासून १,४०० किलोची आहे आणि वेग ताशी ६० किलोमीटर. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने २०२१ साली १,५०० किलोवरून १,९०० किलोची केली. शिवाय खांबाची चाचणी वेगळी: २५४ मिलिमीटर जाडीच्या खांबावर गाडी ताशी ३२ किलोमीटर वेगाने तिरकी सरकवतात. खांब अरुंद असल्यामुळे सगळा मार एकाच पट्ट्यात येतो.

या मोजमापांमुळे गाडीत काय बदललं? एअरबॅग सगळ्यांना दिसते. व्होल्व्होने १९९४ साली छातीसाठी बाजूची एअरबॅग पहिल्यांदा बाजारात आणली. न दिसणारे बदल मला जास्त महत्त्वाचे वाटतात. कंबरेचं हाड बरगड्यांपेक्षा कितीतरी जास्त बल सोसतं. म्हणून अनेक गाड्यांत दोन दारांमधला खांब असा बनवतात, की तो आत येताना खालून जास्त येईल आणि छातीच्या उंचीवर कमी. एअरबॅगचा खालचा कप्पा जास्त कडक फुगवतात. तो कंबरेला लवकर ढकलतो, तिच्यामागे धड सरकायला लागतं आणि दरवाजा छातीपाशी येतो तेव्हा छाती आधीच त्याच दिशेने निघालेली असते. दोघांच्या वेगातला फरक कमी झाला, म्हणजे तो गुणाकारही कमी झाला. हात टेकायची दरवाजावरची पट्टी खालच्या बरगड्यांसमोर येते, म्हणून तीही दाब आला की मोडून पडेल अशी करतात.

अजून एक प्रश्न बराच काळ बाजूला पडला होता: छाती कुणाची? बहुतेक नियम मध्यम बांध्याच्या पुरुषावर बेतलेले होते. जेमतेम दीड मीटर उंचीच्या स्त्रीची छाती दरवाजाच्या वेगळ्याच भागासमोर येते. तिचं डोकं कुठे, तिच्या बरगड्या हात टेकायच्या पट्टीच्या वर की तिच्याच रेषेत, सगळं बदलतं. अमेरिकी विमा संस्थेने २००३ साली बाजूच्या चाचण्या सुरू केल्या त्याच मुळी लहान बांध्याच्या स्त्रीची डमी बसवून. म्हाताऱ्या माणसाची डमी मात्र अशा नियमित चाचण्यांमध्ये बसलेली नाही, आणि बाजूच्या धडकेत बरगड्या सगळ्यात सहज मोडतात त्या वृद्धांच्या. हे मला खुपतं.

यावर आज सगळ्यात आशादायक काम संगणकात चाललं आहे. टोयोटाने २००० साली माणसाच्या शरीराचं थम्स नावाचं संगणकीय रूप आणलं आणि २०२१ साली ते सगळ्यांना मोफत खुलं केलं. इतर संस्थांचीही अशी रूपं आहेत. त्यांत प्रत्येक बरगडी स्वतंत्र असते, तिचं कवच ठिकठिकाणी एक मिलिमीटरपेक्षाही पातळ दाखवलेलं असतं, आत फुप्फुस, हृदय आणि महाधमनी असते. डमीची बरगडी कधी मोडत नाही. ती फक्त किती वाकली ते सांगते आणि बाकीचं आपण तक्त्यावरून ठरवतो. संगणकातली बरगडी मोडू शकते. तिचं वय ७० करता येतं, कवच पातळ करता येतं, बांधा बदलता येतो. हीच धडक वीस वेगवेगळ्या छातींवर एका रात्रीत चालवून पाहता येते. पलीकडच्या बाजूला बसलेल्या माणसाचं काय होतं, तो आडवा पडून शेजाऱ्यावर कसा आदळतो, हेही त्यात पाहता येतं. युरो एनकॅपने २०२०पासून त्याचा विचार गुणांमध्ये करायला सुरुवात केली आहे.

पण असं रूप तयार झालं की त्याच्यावर विश्वास ठेवण्याआधी एक परीक्षा घेतात. पडद्यावर एक दंडगोल काढतात, २३.४ किलोचा, १५ सेंटिमीटर व्यासाचा. तो संगणकातल्या छातीच्या कुशीवर आणतात आणि बलाची रेषा उमटू देतात. मग १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या देहांच्या आलेखांवरून काढलेला पट्टा तिच्याखाली ठेवतात आणि रेषा त्यातून जाते का ते पाहतात.